आठ दिवसांनी म्हणजे कधी?

ज्यांच्या हातात नुकताच रक्ताचा रिपोर्ट पडला आहे आणि त्यातलं फक्त 'वात' एवढंच ज्यांना कळलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. नगर जिल्ह्यातल्या काष्टीपासून सात किलोमीटरवरच्या एका गावात दूध संस्थेचा सचिव आहे. वय बावन्न. गावात मला नाना म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मला ऱ्हुमॅटॉइडचा संधिवात निघाला. काही जण त्याला आमवात म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा नव्हे.

कोणतं औषध चांगलं, ते मी सांगणार नाही. माझं काय चुकलं तेवढं सांगतो. चूक रोजच्या बोलण्यातल्या दोन शब्दांमुळे झाली आणि ती आपल्यापैकी कुणाच्याही घरात होऊ शकते.

अडुसष्ट मिनिटं

सुरुवात नमुन्याच्या बाटलीच्या बुचापासून झाली. सकाळी सहाला संकलन सुरू होतं. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घ्यायचा, मशीनला लावायचा, फॅट आणि एसएनएफचे आकडे वाचून दाखवायचे; दुधाचा भाव त्यांवरच ठरतो. एकोणीस वर्षं हे काम केलं. त्या डिसेंबरात एके सकाळी बूच निघेना. थंडी आहे, असं म्हणून सोडून दिलं. फेब्रुवारीत थंडी गेली, बूच तसंच.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. डाव्या हाताचा जो सांधा सुजायचा, तोच उजव्या हाताचाही सुजायचा. ओझ्याने किंवा लचकून दुखलं असतं, तर दोन्हीकडे असं जोडीने दुखलं नसतं.

रांगेतला भानुदास एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "नाना, हात लई कापतोय तुमचा. निम्मी फॅट बाटलीभाईरच सांडती जनू."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. पण ज्याच्या आकड्यावर सव्वाशे घरं विश्वास ठेवतात, त्याचा हात कापायला लागला तर गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहत नाही. त्या दिवसापासून मी नमुना घेताना लोकांकडे पाठ करायला लागलो.

घरात मात्र लपत नव्हतं. सकाळी शर्टाची बटणं लागेनात, लेंग्याची नाडी सुटेना, नळ फिरेना. बायको सुमन बटणं लावायची आणि मी भिंतीकडे बघत उभा राहायचो.

सल्ले भरपूर मिळाले. एका महिन्यात सतरा माणसांनी मला काय खायचं नाही ते सांगितलं. दही, ताक, वांगं, हरभऱ्याची डाळ, चिंच, केळी, बटाटा, भात. सुमन म्हणाली, "सतरा जनांचं ऐकलं तर तुमाला नुसतं पानी पाजायचं का? त्ये बी गरम?"

एका पाहुण्यांनी वाताच्या पुड्या आणून दिल्या. तिसऱ्या दिवशी मूठ घट्ट वळली. वाटलं, देव पावला. चार महिने त्या पुड्या खाल्ल्या. तोंड गरगरीत झालं आणि पुड्या संपल्यावर दुखणं दुपटीने परत आलं. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, हे मला पुढे कळलं. ते चार महिने फुकट गेले याचं आजही वाईट वाटतं.

ज्या दिवशी नाव कळलं

शेवटी सुमनने नगरच्या सांधेविकाराच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

"अडुसष्ट मिनिटं."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे साधारण तासभर म्हणायचं का?"

"साधारण नाही. नऊ दिवसांची सरासरी आहे."

मॅडम हसल्या. मग त्यांनी माझे अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबले. चौदा दुखत होते आणि नऊ सुजलेले होते. तेही त्यांनी आकड्यांत लिहिलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आपलं दुखणं कुणीतरी नीट मोजतंय, हे पहिल्यांदाच होत होतं.

रक्ताचे रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "ही झीज नाही. शरीराची राखण करणारी जी ताकद असते, ती तुमच्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच उलटली आहे. म्हणून सूज. ती वेळेवर थांबवली नाही तर सांधा खराब होतो, आणि एकदा खराब झालेला परत पहिल्यासारखा होत नाही."

मी विचारलं, "किती दिवसांत बरं होईल?"

"दिवसांत मोजू नका. हा आटोक्यात ठेवायचा आजार आहे, ब्लडप्रेशरसारखा. बहुतेकांचा नीट आटोक्यात राहतो. पण औषध मनाने सोडायचं नाही."

मला जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते सुमनने विचारलं. "हात वाकडे व्हतात का, मॅडम?"

"पूर्वी व्हायचे. आता वेळेत औषध सुरू केलं तर शक्यतो होऊ देत नाही आम्ही. आणि दही बंद केलंय म्हणता, ते खाऊ द्या त्यांना."

परत येताना एसटीत मी सारखा हातांकडे बघत होतो. या हातांनी स्वतःचं स्वतःला करता यावं, शर्ट घालता यावा, बूच काढता यावं, एवढं एकच मला हवं होतं. मरणाची भीती वाटली नाही. दुसऱ्याच्या हाताने जगण्याची वाटली.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार

औषधांच्या खिडकीतल्या मुलीने पाकिटं एकेक करून समजावून दिली. "ही सकाळी. ही जेवणानंतर. आणि ही पिवळी, काका, आठ दिवसांनी एक. रोज अजिबात घ्यायची नाही. रोज घेतली तर जिवावर बेतेल."

आता आपण 'आठ दिवसांनी' कसं म्हणतो ते बघा. "आठ दिवसांनी ये" म्हणजे आज बुधवार असेल तर पुढच्या बुधवारी. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे दोन आठवड्यांनी. आजचा दिवस धरून मोजायची आपली रीत आहे. हे मला कळत नव्हतं असं नाही. संस्थेची मीटिंग आठ दिवसांनी आहे, असं मी कितीदा तरी सांगितलं असेल, आणि सगळे त्याच वारी हजर राहायचे.

पण 'जिवावर बेतेल' हे ऐकलं आणि माझं डोकं वेगळं चाललं. औषध म्हणजे औषध, तिथे बोलीभाषा नको, आकडा म्हणजे आकडा. मी वहीत आठ दिवस मोजले. पहिली गोळी बुधवारी, दुसरी पुढच्या गुरुवारी, तिसरी त्याच्या पुढच्या शुक्रवारी. वार पुढे सरकत गेला आणि मी खुणा करत गेलो. महिन्याने मॅडमनी विचारलं, "गोळी नियमित चालू आहे ना?" मी म्हणालो, "एकदाही चुकली नाही." माझ्या हिशोबाने ते खरं होतं.

सुमनचा आठवडा वेगळा. शनिवारी काष्टीचा बाजार, तो तिचा आठवडा. बाजार ते बाजार. डॉक्टरांकडे नुसतं 'आठवड्याला एक' असं तिच्या कानावर पडलं होतं, आणि तिने मनात शनिवार धरला होता. मी शनिवारी गोळी घेत नाही, हे तिने बघितलं.

"आज घेतली का पिवळी?"

"माझ्या वहीत हाय सगळं. तू ध्यान घालू नको."

"वहीत आसंल. पोटात गेली का इचारते."

"दुखनं माझं हाय, सुमन."

"तुमचंच हाय. बटनं माझी हायत."

ती पिवळी गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळायचं आणि जेवण जायचं नाही. सुमनला वाटलं, म्हणून हे गोळी टाळतात आणि खोटं बोलतात. तिने वाद घातला नाही. सकाळच्या गोळ्या पाकिटातून काढता येत नव्हत्या, म्हणून तीच त्या वाटीत काढून ठेवायची आणि मी वाटी तोंडाला लावायचो. एकेक गोळी उचलायला बोटं वळत नव्हती, मग बघणार कुठे? दोन महिने होत आले तसं तिने त्या वाटीत दर शनिवारी एक पिवळी गोळी घालायला सुरुवात केली.

माझी पिवळ्या गोळ्यांची पट्टी टेबलाच्या खणात असायची. ती मी मोजत होतो आणि मोजणी बरोबर येत होती. पुढच्या महिन्याची पाकिटं फ्रिजवरच्या डब्यात असायची. तो डबा मी कधी मोजला नाही.

सहा दिवस

वाटीतल्या पिवळ्या गोळीचा पाचवा शनिवार. त्या दिवशी फिरत फिरत माझा वारही शनिवारीच आला होता. सकाळी वाटीतून एक गेली आणि जेवणानंतर मी खणातली दुसरी, कात्रीने पट्टी कापून, घेतली.

मंगळवारी तोंडात फोड आले. बुधवारी पाणी गिळेना, ताप एकशे दोन. गुरुवारी नगरच्या दवाखान्यात दाखल. पांढऱ्या पेशी अकराशेवर आल्या होत्या, म्हणजे साधं सर्दी-पडसंही झेपलं नसतं. मला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत येणाऱ्याने मास्क लावायचा, हात धुवायचे.

मॅडम स्वतः आल्या. खुर्ची ओढून बसल्या. "पिवळी गोळी कुठल्या वारी घेता?"

"वार नसतो," मी कसंबसं बोललो. "आठ दिवसांनी घेतो."

"आठ दिवसांनी म्हणजे कधी?"

मी उशाजवळच्या वहीकडे बोट केलं. त्यांनी शेवटची पानं उलटली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. "बरोबर," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पण यात तर एखादा दिवस उशीरच होतोय. एवढं कसं झालं मग?"

दाराजवळ सुमन उभी होती. ती हळूच म्हणाली, "शनवारी मी देत हुते."

मॅडमनी विचारलं, किती शनिवार. सुमनने बोटांवर मोजून सांगितलं, पाच.

त्या क्षणी मी जे बोललो ते इथे लिहायला नको वाटतं, पण खरं सांगायचं ठरवलं आहे. तोंडातल्या फोडांमुळे शब्द नीट येत नव्हते, तरी बोललो. "मला मारायला निघाली हुतीस का?"

ती बाहेर गेली. मॅडमही उठल्या. जाताना म्हणाल्या, "चूक आमच्याकडचीही आहे. कागदावर वार लिहून द्यायला हवा होता. आजपासून आम्ही प्रत्येकाला वार लिहून देणार." त्या गोळीवर उतारा म्हणून दर सहा तासांनी इंजेक्शन सुरू झालं.

दवाखान्याचे दिवस एकसारखे होते. सकाळी सहाला रक्त, सातला चहा, तो मला जात नव्हता, मग ताप, मग राउंड. तिथल्या सिस्टर अकोल्याकडच्या, भंडारदऱ्याजवळच्या. रोजचा रक्ताचा आकडा त्या मला कागदावर लिहून द्यायच्या. अकराशे, बाराशे, अकराशे पन्नास. तो खाली आला त्या दिवशी म्हणाल्या, "काका, एक पाऊल मागं आलं म्हणजे मानूस माघारी फिरलं असं नसतं. भात आणते मऊ. गार करून." तेवढं गिळता आलं. इतक्या साध्या गोष्टीने डोळ्यांत पाणी येतं, हे आधी माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मावशींना काय बोललात तुम्ही? दोन दिवस जिन्यात बसल्यात. म्हटलं, मास्क लावा अन् जा आत. म्हणतात, मी हात लावला की वाईट व्हतं."

मी वही मागितली. आकडे डोळ्यांसमोर असले की माझं डोकं शांत होतं, एवढ्याचसाठी. पाच आठवडे. हव्या होत्या पाच गोळ्या. गेल्या नऊ. सुमनच्या पाच, माझ्या चार. मग मी दुसऱ्या अंगाने बघितलं. सुमनच्या पाच गोळ्या ठरलेल्या वारी होत्या, बरोबर सात दिवसांच्या अंतराने. डॉक्टरांना हवं होतं नेमकं तेच. तिने दिलेल्या पाच म्हणजेच औषध होतं. जादा होत्या त्या माझ्या.

एकोणीस वर्षं लोकांचे आकडे वाचून दाखवणाऱ्या माणसाला हे कळायला दवाखान्यातले तीन दिवस लागले. तिने मला न सांगता दिल्या, हे चूक. पण विचारायला आली तेव्हा मी तिला हाकलली होती, तेही मोजलं पाहिजे.

मी सिस्टरना म्हटलं, त्यांना बोलवा.

सुमन दारातच थांबली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते.

"तुझ्या पाच बरोबर हुत्या," मी म्हणालो. "माझ्या चार जादा."

"मंग मला येवढं बोललात त्ये?"

"ते बी जादा."

ती आत आली आणि स्टुलावर बसली. नाक ओढलं. मग म्हणाली, "दुसरं कुनी आसतं तर माफी मागितली आसती. तुमी बेरीज सांगता." पण बसून राहिली. सहाव्या दिवशी आकडा साडेतीन हजारांवर गेला आणि आम्हाला घरी सोडलं.

आता

घरी आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. संस्थेच्या लोकांना सरळ सांगितलं, मला अमुक आजार आहे, सकाळी हात चालत नाहीत, संध्याकाळी चालतात. सकाळचं संकलन दुसऱ्याकडे दिलं, संध्याकाळचं माझ्याकडे ठेवलं. भानुदास म्हणाला, "मंग आदी का नाय सांगितलं? आमाला वाटायचं, नाना आमच्याकडं पाठ करून फॅट खातो." आता तो स्वतःच्या बाटलीचं बूच स्वतःच काढून माझ्या हातात देतो. लाज वाटते का? वाटते. पण पाठ करण्यापेक्षा कमी.

दुसरी गोष्ट, वही खणातून काढून स्वयंपाकघरात ठेवली.

माझं सकाळचं जखडणं आज वीस मिनिटांवर आहे. उजव्या हाताची दोन बोटं थोडी वाकडी झाली आहेत. ती आता सरळ होणार नाहीत. बाकीची ठीक आहेत. रक्त दर महिन्याला तपासतो. तुम्हाला आठवड्याची गोळी असेल तर डॉक्टरांकडून वार लिहून घ्या, आणि तो घरातल्या आणखी एका माणसाला तोंडाने सांगा. घरात औषध देणारं एकच माणूस ठरवा. पाकिटं एकाच ठिकाणी ठेवा. यापलीकडे मला काही सांगायचा अधिकार नाही.

पण पिवळी गोळी पुन्हा कशी सुरू झाली, ते सांगायचं राहिलं.

दोन महिने ती बंद होती आणि सांधे परत सुजायला लागले होते. मॅडमनी निम्म्या ताकदीची गोळी लिहून दिली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत 'मंगळवार' लिहिलं. त्या मंगळवारी जेवण झाल्यावर मी पट्टी घेऊन ओट्यापाशी उभा राहिलो. सुमन भांडी पुसत होती. बाकीच्या गोळ्या ती आधीसारख्याच काढून द्यायची, पण हिच्याकडे बघायलाही तयार नव्हती. "तिला मी हात न्हाई लावनार," असं तिने सकाळीच सांगितलं होतं.

मी अंगठ्याने दाबून बघितलं. दोनदा. कागद फाटेना. कात्री समोर होती. एरवी मी कात्रीच घेतली असती.

"सुमन, मला निघंना. तू काढ."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. असं सरळ शब्दांत मी तिच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तिने ताट खाली ठेवलं. हात धुतले, पदराला पुसले. पट्टी घेतली आणि उलटसुलट करून बघितली.

"आज वार कोन्ता?"

"मंगळवार."

"मागल्या मंगळवारी घेतली?"

"न्हाई. ही पयलीच."

"आन् फुडली?"

"मंगळवारी."

"खनात दुसरी पट्टी हाय?"

"न्हाई. हीच येक."

तिने गोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी ती तोंडात टाकली, पाणी प्यालो. ती समोरून हलली नाही.

"तोंड उघडा बघू," ती म्हणाली.

मी आ केला. गोळी गेली का ते ती बघत होती, की फोड आलेत का ते, हे मी विचारलं नाही. ती 'बास' म्हणेपर्यंत तोंड उघडं ठेवून उभा राहिलो.